पंच कुणाचा?

एकांकिका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात अवघड जातात ते पहिल्या संघाचे गुण. सकाळची वेळ असते, नाट्यगृह निम्मं रिकामं असतं, पोरांचे आवाज अजून मोकळे झालेले नसतात. पुढ्यात गुणपत्रक: अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत. दिवसभरात पुढं काय बघायला मिळणार याचा अंदाज नसतो, म्हणून हात आखडतो. अभिनयाला पन्नासपैकी अडतीस देऊन ठेवायचे. संध्याकाळी तेवढ्याच ताकदीच्या संघाला चव्वेचाळीस जातात, कारण आता राखून ठेवायचं काही कारण उरलेलं नसतं. सकाळच्या पोरांना हे कधीच कळत नाही. आपलंच काहीतरी कमी पडलं, असं म्हणत ती घरी जातात.

मी सांगलीत राहते, मराठी शिकवते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये या गावात नाटकाचा खेळ केला आणि तेव्हापासून आम्ही स्वतःला नाट्यपंढरीचे म्हणवतो. त्यामुळं स्पर्धा, पारितोषिकं आणि निकालानंतरची भांडणं इथल्या हवेतच आहेत. मुलगी रोलर स्केटिंग शिकायला लागली आणि तिच्यामुळं घरात बर्फावरच्या फिगर स्केटिंगचे व्हिडिओ बघणं सुरू झालं. तिचा जीव उड्यांमध्ये. माझं लक्ष मात्र रिंकच्या कडेला ओळीनं बसलेल्या परीक्षकांकडं जायला लागलं. ती माझ्या जातकुळीची माणसं. मग त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता अस्वस्थ होत गेले.

आधी ती माणसं काय बघतात ते सांगते, म्हणजे कामाची नजाकत कळेल. लुट्झ नावाची एक उडी आहे. बहुतेक खेळाडू ती डाव्या पायावरून घेतात. पाठमोरं येत, पात्याच्या बाहेरच्या धारेवर लांबलचक वळण घ्यायचं, शरीर त्या बाजूला झुकलेलं. मग उजव्या पात्याच्या टोकाचे दाते बर्फात रुतवून उसळी घ्यायची आणि आलेल्या वळणाच्या उलट दिशेनं हवेत फिरायचं. ते उलट फिरणंच अवघड. त्यामुळं उसळी घेण्याच्या ऐन क्षणी पुष्कळांचं पातं बाहेरच्या धारेवरून आतल्या धारेवर कलतं. तसं झालं की ती लुट्झ राहत नाही, फ्लिप नावाच्या तुलनेनं सोप्या उडीसारखी होते. तीन गिरक्यांच्या लुट्झचे मूळ गुण ५.९०, फ्लिपचे ५.३०. आणि दोन धारांमधलं अंतर किती, तर पात्याच्या जाडीइतकं, जेमतेम चार-पाच मिलिमीटर. पाय कलला होता का, गिरक्या पुऱ्या झाल्या का, हे तांत्रिक पथक पुन्हा पुन्हा चित्रण बघून ठरवतं. उडीचा दर्जा कसा होता, उणे पाच की अधिक पाच, हे नऊ परीक्षक ठरवतात. शिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य यांचे गुण वेगळे. यातलं बरंचसं खेळाडू बर्फावर असताना, संगीत चालू असताना करायचं. मला या कामाविषयी मनापासून आदर आहे. म्हणूनच या कामाचं जे करून ठेवलं गेलं त्याचं वाईट वाटतं.

जुन्या पद्धतीत सहापैकी गुण असत. प्रत्येक परीक्षक दोन आकडे द्यायचा, पण ते आकडे खरे तर क्रम लावण्यासाठीच असत. त्यामुळं आधी येणाऱ्यांच्या वेळी वर जागा राखून ठेवणं भागच पडे, आमच्या सकाळच्या एकांकिकेसारखं. या क्रमातच सौदेबाजीला वाव होता. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या परीक्षक जीन सेन्फ्ट यांनी एक फोन ध्वनिमुद्रित केला. युक्रेनचे परीक्षक युरी बाल्कोव्ह आइस डान्समध्ये, म्हणजे बर्फावरच्या जोडीनृत्याच्या स्पर्धेत, कोण कितवं येणार ते स्पर्धेआधीच सांगत होते. बाल्कोव्ह यांना एक वर्षाची बंदी झाली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

चार वर्षांनी सॉल्ट लेक सिटी. फेब्रुवारी २००२, जोड्यांची स्पर्धा. रशियाची येलेना बेरेझ्नाया आणि अँटोन सिखारुलिद्झे, कॅनडाची जेमी साले आणि डेव्हिड पेल्टिए. रशियन जोडीकडून एक उडी थोडी डगमगली, कॅनडाची जोडी स्वच्छ खेळली, आणि नऊ परीक्षकांपैकी पाच रशियाच्या बाजूनं, चार कॅनडाच्या बाजूनं पडले. फ्रान्सच्या परीक्षक मारी-रेन ले गून यांनी आपल्यावर स्वतःच्याच देशाच्या स्केटिंग महासंघाच्या अध्यक्षांचा दबाव होता असं सांगितलं. इकडं रशियाला मत द्यायचं, तिकडं आइस डान्समध्ये फ्रेंच जोडीला मतं मिळणार. पुढं त्यांनी ते विधान फिरवलं, अध्यक्ष दिदिए गायागे यांनीही आरोप नाकारला. दोघांनाही तीन वर्षांची बंदी झाली आणि कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण देण्यात आलं.

माझे सासरे आप्पा कुस्तीतले. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, कुंडलचं मैदान चुकवायचं नाही असा माणूस. त्यांना मी ही सगळी कथा सांगितली. शांतपणे ऐकून घेतली आणि त्यांनी एकच विचारलं, "पंच कुणाचा हुता?"

मी म्हणाले, "आप्पा, फ्रान्सची होती ती बाई."

"तसं न्हवं. तिला पाठवली कुणी? तिचं जाणं-येणं कुणाच्या हातात?"

पुढची वीस वर्षं आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं, म्हणजे आयएसयूनं, जे जे केलं ते या प्रश्नाला वळसा घालून केलं, असं माझं मत होत गेलं आहे. २००४ पासून सहा गुणांची पद्धत गेली. प्रत्येक उडी, प्रत्येक गिरकी यांना ठरावीक मूळ गुण आले. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून टाकून सरासरी घ्यायची असं ठरलं. ही सुधारणा खरी होती, ते नाकारायचं कारण नाही. आज खेळाडूला आपला पाय नेमका कुठं चुकला हे कागदावर बघता येतं. पण त्याच सुमाराला परीक्षकांचे गुण निनावी केले गेले. कोण परीक्षक बसलेत ते जाहीर, पण कुठला आकडा कुणाचा ते झाकलेलं. का, तर परीक्षकावर त्याच्या देशाचा दबाव येऊ नये म्हणून. डार्टमथ कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी आकडेवारी तपासली, तेव्हा आपल्या देशाच्या खेळाडूला झुकतं माप देणं कमी झालेलं दिसलं नाही, उलट थोडं वाढलेलं दिसलं. दबाव आणणाऱ्याला त्याचा माणूस कुणाच्या बाजूनं बसलाय ते माहीत असतंच. कळायचं बंद झालं ते प्रेक्षकांना आणि पत्रकारांना.

सोची ऑलिंपिक, २०१४, महिलांची स्पर्धा. दक्षिण कोरियाची युना किम दुसरी, रशियाची अदेलिना सोत्निकोवा पहिली. सोत्निकोवाच्या कार्यक्रमात अवघड गोष्टी जास्त होत्या, त्यामुळं निकाल चुकीचाच होता असं मी ठामपणे म्हणणार नाही. पण अंतिम फेरीच्या परीक्षकांत अल्ला शेखोव्त्सेवा होत्या, रशियन महासंघाचे दीर्घकाळ प्रमुख राहिलेल्या व्हॅलेंटिन पिसेयेव्ह यांच्या पत्नी. निकालानंतर विजेतीला मिठी मारताना त्या दिसल्या. आणि युरी बाल्कोव्ह होते. नागानोच्या फोनवरचे तेच. कोरियाची तक्रार फेटाळली गेली. गुण निनावी असल्यामुळं यांपैकी कुणी काय दिलं हे बघायचीही सोय नव्हती. सोत्निकोवाचा तरी यात काय दोष? तिच्या पदकावर कायमचा प्रश्न चिकटला तो संघटनेमुळं.

निनावी पद्धत आयएसयूच्या २०१६ च्या अधिवेशनात रद्द झाली. नावं उघडी होताच २०१८ च्या प्यॉन्गचांग ऑलिंपिकमधल्या गुणांवरून दोन चिनी परीक्षकांवर कारवाई झाली. चेन वेइगुआंग यांना दोन वर्षं, हुआंग फेंग यांना एक वर्ष. म्हणजे उजेडाचा उपयोग होतो. तरी मूळ व्यवस्था तशीच राहिली. कुठल्या देशांचे परीक्षक बसणार याची सोडत निघते, पण त्या देशातून नाव पाठवतो तो राष्ट्रीय महासंघ. ज्या महासंघाची मुलं बर्फावर आहेत, तोच.

आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. ऊस कारखान्यात गेला की वजन होतं कारखान्याच्याच काट्यावर. काटामारीची ओरड झाली म्हणून काटे डिजिटल झाले, आकडे लाल दिव्यांत लखलखायला लागले. पण शेतकरी अजूनही मागतो ते एवढंच, की बाहेरच्या काट्यावर केलेलं वजन ग्राह्य धरा. यंत्र नवं आलं म्हणून मालकी बदलत नाही. आयएसयूनं गुणांचं गणित दशांशापर्यंत नेलं, काटा मात्र कारखान्याच्या आवारातच ठेवला.

परीक्षकाच्या जागी बसून हे मी अनुभवलं आहे, म्हणून एवढ्या जोरानं लिहिते आहे. एका स्पर्धेत जेवणाच्या सुट्टीत आयोजकांपैकी एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. अतिशय सभ्य माणूस. वाटीत आमटी वाढता वाढता म्हणाले, "मॅडम, आमच्या पोरांनी यंदा लई मेहनत घेतलीय. ढाल किती वर्षं बाहेरच जाते." एवढंच. मागितलं काहीच नाही. पण पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून कुणाला बोलवायचं हे तेच ठरवणार होते, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं, मलाही. दुपारच्या सत्रात त्यांचा संघ रंगमंचावर आला, तेव्हा प्रत्येक आकडा लिहिताना ती आमटीची वाटी माझ्या डोळ्यासमोर होती. मी मला वाटले तेच गुण दिले. पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. ढालीच्या जागी ऑलिंपिकचं पदक आणि त्या गृहस्थांच्या जागी देशाचा महासंघ धरला, की त्या फ्रेंच बाईंवर केवढं ओझं असेल याचा अंदाज येतो.

आज गुणांवर देखरेख करणारी यंत्रणाही आहे. एखाद्याचे आकडे इतरांच्या सरासरीपासून फार लांब गेले तर त्याला जाब विचारला जातो. ऐकायला बरं वाटतं. पण आठ जणांनी नावाजलेल्या खेळाडूला सवयीनं वरचे गुण दिले आणि नवव्यानं डोळे उघडे ठेवून कमी दिले, तर उत्तर नवव्याला द्यावं लागतं. मग माणसं सावध होतात. मागच्या स्पर्धेत याला किती मिळाले होते ते आठवतात आणि त्याच्या आसपास राहतात.

कुस्तीत हे दुखणं नाही असं समजू नका. मातीवरच्या निकाली कुस्तीत पाठ टेकली की साऱ्या मैदानाला दिसतं, पंच फक्त हात वर करतो. गादीवरची कुस्ती गुणांची, तिथं पंचाचं राज्य. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं निकाल न पटून पंचांना लाथ मारली आणि त्याला तीन वर्षांची बंदी झाली. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण दाद मागायची विश्वासाची जागा नसली की राग कुठून तरी बाहेर पडतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकीला गेले तेही असंच. निवडीत आपल्याला एका गुणानं डावललं असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडं दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि ती त्यांनी मारली. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. त्या वेळी ऐकणारा एक महाराजा भेटला. खेळाडूचं नशीब असं कुणाच्या भेटण्यावर सोडायचं का?

गुणांच्या पलीकडचं एक प्रकरण मला आजही झोपू देत नाही. बीजिंग ऑलिंपिक, फेब्रुवारी २०२२. कामिला व्हॅलियेव्हा, वय १५. सांघिक स्पर्धेत रशियाला पहिलं आणून झालं, आणि मग कळलं की २५ डिसेंबर २०२१ ला घेतलेल्या तिच्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकाराचं, खेळात बंदी असलेलं औषध सापडलं आहे. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं तिला वैयक्तिक स्पर्धेत खेळू दिलं. अख्खं जग बघत असताना ती अंतिम फेरीत पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी आली. रडत बाहेर आली तेव्हा प्रशिक्षक एतेरी तुत्बेरिद्झे तिला विचारत होत्या, तू सोडून का दिलंस, लढणं का थांबवलंस. माझी मुलगी माझ्या मांडीला खेटून ते बघत होती. तिनं विचारलं, "आई, तिला जवळ का घेत नाहीत?" पुढं जानेवारी २०२४ मध्ये लवादानं व्हॅलियेव्हाला चार वर्षांची बंदी घातली. सांघिक सुवर्ण अमेरिकेला आणि रौप्य जपानला मिळालं, तेही ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला, स्पर्धेनंतर अडीच वर्षांनी, उन्हाळ्यात. औषध एका पंधरा वर्षांच्या पोरीच्या पोटात गेलं, शिक्षा तिच्याच नावावर लागली. तिच्याभोवती प्रशिक्षक होते, डॉक्टर होते, महासंघ होता. लहान मुलीच्या बाबतीत आधी त्यांना का उभं केलं जात नाही, हे मला कळत नाही.

त्यानंतर २०२२ च्या अधिवेशनात आयएसयूनं वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्यानं १५ वरून १७ केली. १०० विरुद्ध १६ मतांनी. चांगलाच निर्णय. पण तो यायला जगासमोर एका मुलीची अशी दशा व्हावी लागली. मुलींची शरीरं भरायच्या आत त्यांच्याकडून चार गिरक्यांच्या उड्या काढून घ्यायच्या आणि पुढच्या ऑलिंपिकला नवी मुलगी आणायची, हे त्याआधी कितीतरी वर्षं सगळ्यांना दिसत होतं.

का नाही आधी झालं? मला उत्तर माणसांच्या खुर्च्यांत दिसतं. १८९२ मध्ये स्थापन झालेली ही संघटना स्पीड स्केटिंग आणि फिगर स्केटिंग दोन्ही चालवते. ओटाविओ चिंक्वांता १९९४ ते २०१६ अशी २२ वर्षं अध्यक्ष होते. ते स्वतः स्पीड स्केटिंगमधून आलेले. सॉल्ट लेक, निनावी गुण, सोची हे सगळं त्यांच्याच काळातलं. मतदान करतात राष्ट्रीय महासंघ, ज्यांचे परीक्षक, ज्यांचे प्रशिक्षक. खेळाडू या घरात राहतो, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही. फ्रान्सचे ते गायागे २००७ मध्ये पुन्हा महासंघाचे अध्यक्ष झाले. २०२० मध्ये माजी खेळाडू सारा अबितबोल हिनं लहानपणी प्रशिक्षकाकडून झालेल्या अत्याचाराबद्दल तोंड उघडलं, इतर जणीही बोलल्या, क्रीडामंत्र्यांनी राजीनामा मागितला, तेव्हा त्यांना जावं लागलं. मतांच्या सौद्याच्या प्रकरणात बंदी भोगलेला माणूस पुन्हा त्याच खुर्चीत बसू शकतो, तिथल्या एखाद्या मुलीनं तक्रार कुणाच्या भरवशावर करायची?

बाहेरून हिसका बसला की मात्र हालचाल होते. आयएसयूच्या परवानगीविना होणाऱ्या स्पर्धेत खेळलं तर खेळाडूवर जबर बंदी, असा नियम होता. मार्क टाइटर्ट आणि नील्स केर्स्टहोल्ट या दोन डच स्पीड स्केटरांनी त्याविरुद्ध युरोपीय आयोगाकडं तक्रार केली. २०१७ मध्ये आयोगानं त्यांच्या बाजूनं निर्णय दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयानंही तो उचलून धरला. दोन खेळाडूंनी ऐन उमेदीची वर्षं यात घातली.

परीक्षकांचं काय करायचं याचं उत्तर शोधायला मला फार लांब जावं लागत नाही. क्रिकेटमध्ये यजमान देशाचेच पंच असत आणि त्यावरून किती कटुता होती ते जुन्या माणसांना विचारा. १९८६ मध्ये इम्रान खानच्या आग्रहानं लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीला भारताचे व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे पंच उभे राहिले. पुढं एक तटस्थ पंच आला, आणि २००२ मध्ये आयसीसीनं स्वतःच्या करारावरचं एलिट पॅनेल केलं. २००२, सॉल्ट लेकचंच वर्ष. क्रिकेटनं त्या वर्षी पंचाचा पगार यजमान मंडळाच्या हातून काढून घेतला. चुका आजही होतात, पण पंच कुणाचा, असं कसोटीत आता कुणी विचारत नाही.

स्केटिंगला तेच करता येईल. परीक्षकांचं एक कायम पथक, पगार आयएसयूकडून, नेमणूक आणि मूल्यमापन महासंघांच्या प्रतिनिधींबाहेरच्या स्वतंत्र मंडळाकडून. आपल्या देशाचा खेळाडू असेल त्या स्पर्धेत बसायचं नाही. पैसा नाही हे कारण मला पटत नाही. ऑलिंपिकच्या उत्पन्नातून या संघटनेला वाटा मिळतो. उड्यांचा हिशेब करणारे आणि सादरीकरण पाहणारे परीक्षक वेगळे असावेत, कारण अडीच-चार मिनिटांत एका माणसानं पात्याची धारही बघायची आणि संगीताशी जुळणाऱ्या हाताची लयही, हे होत नाही. परीक्षक म्हणून बसते त्या अनुभवावरून सांगते, प्रकाशयोजनेकडं लक्ष गेलं की एखादं वाक्य निसटतंच. आणि निवृत्त झालेल्या, चालू असलेल्या खेळाडूंना अधिवेशनात मत हवं. बोलायची संधी देऊन बोळवण नको.

आपल्याकडं २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा आला. क्रीडा लवाद, संघटनांच्या कार्यकारिणीत खेळाडू आणि महिलांना जागा, सुरक्षित खेळाचं धोरण अशा तरतुदी त्यात आहेत. अंमल कसा होतो ते बघत राहायला हवं, विशेषतः छोट्या खेळांत. फिगर स्केटिंग आपल्याकडं छोटंच आहे: शिमल्याचं जुनं नैसर्गिक रिंक, गुलमर्ग, लेह, गुरुग्रामचं मॉलमधलं रिंक, आणि २०११ मध्ये बांधून वर्षानुवर्षं बंद पडलेलं, आता पुन्हा सुरू झालेलं डेहराडूनचं. तिथं पडत-उठत शिकणारी एखादी मुलगी उद्या मोठ्या स्पर्धेत उतरेल, तेव्हा परीक्षकांच्या ओळीत तिच्या देशाचं कुणी नसेल. मागच्या स्पर्धेतले तिचे गुण कुणाला आठवणार नाहीत. तिचा क्रमांक पहिल्या गटात, सकाळच्या सत्रात लागेल. तिची लुट्झ बाहेरच्या धारेवरून निघाली असेल, तर तिला पुरे ५.९० मिळायला हवेत आणि त्यावर तिच्या मेहनतीचे अधिक गुणही. ते देणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुठल्याही महासंघाला तोंड द्यावं लागू नये, एवढी तजवीज आयएसयूच्या पुढच्या अधिवेशनात व्हावी. दर दोन वर्षांनी भरतं ते.